पाण्याचा अंदाज : सणांच्या पक्वान्नांविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेली पत्रं श्रावणापासून संक्रांतीपर्यंतच्या पक्वान्नांची आहेत. माझं माहेर गुहागरकडचं, सासर चाळीसगावचं आणि आता बरीच वर्षं मुक्काम नाशिकला. त्यामुळे तांदळाचे पदार्थ आईकडून आले आणि गव्हाचे सासूबाईंकडून. जे हाताखालून गेलेलं आहे तेवढंच इथे सांगते.

पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. किती वाट्या पीठ, किती गूळ, हे जवळजवळ प्रत्येकीने नेमकं लिहिलं आहे. पण तांदूळ नवा की जुना, गूळ ओलसर की कोरडा, नारळ आत्ता फोडलेला की फ्रिजमधला, हे फार थोड्या पत्रांत सापडलं. आपली पक्वान्नं बिघडतात ती बहुतेक वेळा पाण्यामुळे, आणि ते पाणी वाटीने मोजलेलं नसतं. ते जिन्नसातच असतं.

प्रश्न : मावशी, माझी उकड मऊ होते, कळ्याही नीट पडतात. पण वाफवल्यावर मोदकांना चिरा जातात आणि सारण बाहेर येतं. दुकानातली तयार मोदकाची पिठी वापरते. वाटीला वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. काय करू? (बदलापूर)

उत्तर : वाटीला वाटी हे माप आमच्या आईचंही होतं, पण तिचा तांदूळ घरचा होता. धुऊन, सावलीत वाळवून, जात्यावर दळलेला. तुमच्या पुड्यातली पिठी कोणत्या तांदळाची आणि किती जुनी, हे पुड्यावर लिहिलेलं नसतं. तांदूळ जितका जुना तितका तो पाणी जास्त पितो. जुन्या तांदळाच्या पिठीला वाटीमागे सव्वा वाटीपर्यंत पाणी लागतं. नव्या तांदळाला वाटीला दोन चमचे कमीच पुरतं. म्हणून नवा पुडा आणला की गणपतीच्या दोन दिवस आधी अर्ध्या वाटीची उकड काढून बघा. दोन मोदक वळा, वाफवा, आणि त्यावरून पाणी ठरवा.

आता चिरांबद्दल. उकड काढताना पाणी खरोखर खळखळ उकळलेलं हवं. नुसतं कडेने बुडबुडे आलेलं चालत नाही. पिठी एकदम घालायची, उलथन्याच्या दांड्याने झरझर ढवळायची, आच मंद करायची, झाकण ठेवायचं आणि दोन-तीन मिनिटं दणदणीत वाफ आणायची. तांदळातलं सत्त्व पुरेसं पाणी आणि पुरेशी उष्णता मिळाल्यावरच फुगून चिकट होतं. मधे कोरडी पिठी राहिली की ती जागा वरून मऊ दिसते आणि वाफेत उघडते. मग मळणं. उकड हात भाजेल इतकी गरम असतानाच मळायला घ्यायची. आधी वाटीच्या बुडाने रगडा, मग तेलपाण्याचा हात लावून तळव्याने. गार झालेली उकड कितीही मळली तरी तिला लवचीकपणा येत नाही. गोळा हातात घेऊन दाबला आणि कडेला भेगा दिसल्या नाहीत, की झालं. एका वेळी पाच-सहा मोदकांपुरतीच मळा, बाकीची ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा.

सारण पूर्ण गार हवं. कोमट सारणाची वाफ आतूनच पारी फाडते. दोन वाट्या खोवलेल्या नारळाला एक वाटी चिरलेला गूळ घ्या, आणि गूळ विरघळून मिश्रण कढईच्या मधे गोळा व्हायला लागलं की उतरवा. त्यापुढे शिजवलंत तर सारण खडखडीत होतं. तिथे थांबवलं नाही तर त्याची चिक्की होते, आणि आधीच उतरवलं तर ते पाणी सोडतं. मोदक ठेवण्याआधी त्याचा तळ पाण्यात बुडवा, चाळणीत हळदीचं पान घाला आणि दहा ते बारा मिनिटंच वाफवा. अर्धा-अर्धा तास वाफवून मोदक चांगले होत नाहीत, फुटतात. गॅस बंद केल्यावर दोन मिनिटं थांबून मगच काढा.

तांदळाविषयी माझं मत विचाराल तर आंबेमोहोर. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण तो महाग पडतो. निम्मा आंबेमोहोर आणि निम्मा इंद्रायणी घेतलात तरी उकड छान होते, कारण इंद्रायणीत आंबेमोहोराचाच वंश आहे आणि तो शिजल्यावर चिकट होतो. बासमतीच्या तुकड्याची पिठी मात्र घेऊ नका. वास चांगला येतो, पण पारी कोरडी होते आणि कळ्या तुटतात.

प्रश्न : काकू, आमच्याकडे गणपतीला पूर्वीपासून तळणीचेच मोदक असतात. शेजारच्या बाई म्हणतात की उकडीच्या मोदकांशिवाय नैवेद्य पुरा होत नाही. यंदा उकडीचे शिकावेत का? (यवतमाळ)

उत्तर : शिकायचं मन असेल तर जरूर शिका, पण नैवेद्य अपुरा राहतो म्हणून नको. कोकणात भात पिकतो आणि परसात माड असतो, म्हणून तिथे तांदळाची उकड आणि ओला नारळ. तुमच्याकडे गहू पिकतो आणि खोबरं येतं ते वाळलेलं, म्हणून कणकेची पारी आणि भाजलेलं खोबरं, खसखस, पिठीसाखरेचं सारण. ज्या त्या मुलुखाने आपल्या घरात होतं ते देवापुढे ठेवलं. तुमच्या सासूबाईंच्या आणि त्यांच्याही सासूबाईंच्या हातचे ते एकवीस मोदक कमी पुण्याचे होते, असं कुणी म्हणू नये. मला याचं फार वाटतं, कारण हल्ली सगळीकडे एकच ताट दिसायला लागलं आहे. विदर्भातल्या घरांतून तळणीचा मोदक गेला, तर तो पुन्हा आणणं कठीण आहे. पारीत चमचाभर रवा आणि कडकडीत तेलाचं मोहन घाला. मंद आचेवर तळलेत तर पाच दिवस खुसखुशीत राहतात. उकडीच्या मोदकाला हे जमत नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला असतो. इथे हळदीची पानं नाहीत, नारळ गोठवलेला मिळतो. मोदक आणि पातोळ्या करायच्या तर कसं जमवावं?

उत्तर : गोठवलेला खोवलेला नारळ चांगला असतो, पण त्यात पाणी फार. तो पूर्ण वितळू द्या, मुठीत हलका दाबा, आणि गूळ घालण्याआधी कढईत तीन-चार मिनिटं नुसताच परता. तांबूस करायचा नाही, ओल तेवढी उडवायची. मग गूळ. निघालेलं पाणी टाकू नका, उकडीच्या पाण्यात घाला. वाळलेल्या नारळाचा बारीक कीस हाच पर्याय असेल तर तो गरम दुधात अर्धा तास भिजवून घ्या.

पिठीचं म्हणाल तर तिथल्या आशियाई दुकानांत चिकट तांदळाचं पीठ वेगळं मिळतं. संपूर्ण त्याचीच उकड काढलीत तर मोदक उभे राहत नाहीत, बसतात. पण साध्या तांदळाच्या चार वाट्या पिठीत दोन चमचे घातलंत तर पारीला चांगली ओढ येते.

पातोळ्यांचा प्रश्न अवघड आहे. पातोळीची चव निम्मी त्या पानाचीच असते. केळीचं गोठवलेलं पान मिळत असेल तर ते घ्या, विस्तवावर जरा शेकून मऊ करा, वर पिठाचं सरसरीत वाटण पातळ पसरा, सारण घाला, दुमडा आणि वाफवा. हळदीच्या पानाचा वास मात्र त्याला येणार नाही, तशी अपेक्षा ठेवू नका. ओली हळकुंडं मिळाली तर ती कुंडीत लावा. पान मोठं व्हायला काही महिने लागतात, आणि तुमच्याकडे भाद्रपदात थंडी असते, म्हणून कुंडी घरात उजेडाला ठेवावी लागेल. या पानासाठी एवढं करावं, असं मला मनापासून वाटतं. गोव्यात हिंदू घरांत श्रावण-भाद्रपदात पातोळ्या होतात आणि ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या मारियेच्या फेस्ताला, म्हणजे मेरीमातेच्या सणाला, आणि दोन्हीकडे पान हळदीचंच.

प्रश्न : ताई, मी पुरुष आहे, वय ५२. आईचं वर्षश्राद्ध झालं. ती नागपंचमीला दिंडं करायची. बायकोला ती माहीत नाहीत, तिच्या माहेरी नव्हती. मला स्वयंपाक येतो, पण हे कधी केलं नाही. शिकवाल का? (लातूर)

उत्तर : दादा, नक्की. आणि तुम्ही करणार आहात याचा मला फार आनंद झाला.

नागपंचमीला बऱ्याच घरांत चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, अशी रीत आहे. म्हणून त्या दिवशीचं पक्वान्न वाफेचं. दिंड म्हणजे कणकेच्या पारीत पुरण भरून चौकोनी घडी घातलेलं आणि वाफवलेलं. पुरण तुम्ही नेहमीसारखंच करा : एक वाटी हरभऱ्याची डाळ मऊ शिजवून, निथळून, तेवढाच गूळ, वेलची आणि जायफळ. पोळीच्या पुरणापेक्षा हे किंचित घट्ट असू द्या.

कणीक बारीक चाळून घ्या, तिच्यात चिमूट मीठ आणि दोन चमचे कडकडीत तेल घालून पुरीच्या पिठाइतकी घट्ट भिजवा. अर्धा तास झाकून ठेवा. लिंबाएवढी लाटी घेऊन पुरीहून थोडी मोठी आणि पातळ पारी लाटा. मधे पुरणाचा चपटा चौकोन ठेवा. आधी समोरासमोरच्या दोन कडा त्यावर दुमडा, मग उरलेल्या दोन. कडांना पाण्याचं बोट लावा म्हणजे सुटत नाहीत. चाळणीला तूप लावून किंवा ओलं फडकं घालून, घडीची बाजू खाली ठेवून पंधरा मिनिटं वाफवा. पारीचा पांढुरका रंग जाऊन ती चकचकीत झाली की शिजलं. एकमेकांना चिकटू देऊ नका, मधे बोटभर जागा ठेवा. गरम असतानाच मधोमध फोडून वर भरपूर साजूक तूप.

आईची घडी त्रिकोणी होती की चौकोनी, पारीत हळद असायची का, हे एखाद्या मावशीला किंवा आत्याला विचारा. या गोष्टी कुठे लिहिलेल्या नसतात आणि घरागणिक बदलतात. त्यांना फोन करायला हे कारण चांगलं आहे.

प्रश्न : पुरण सैल झालं तर काय करावं? आणि कधीकधी गूळ घातल्यावर डाळीचे दाणे तसेच राहतात, ते का? (सोलापूर)

उत्तर : दुसरं आधी. डाळ बोटाने दाबून पीठ होईपर्यंत गूळ घालायचाच नाही. गूळ पडला की डाळ शिजायची थांबते. साखरेचं पाणी दाण्याला मऊ होऊ देत नाही. मग तासभर आटवलंत तरी दाणा दाणाच राहतो. तसं झालंच तर ते पुरणयंत्रातून दोनदा काढा. पाटा-वरवंटा असेल तर उत्तमच.

सैल पुरण परत जाड बुडाच्या पातेल्यात घालून मंद आचेवर आटवा, सतत हलवत. उलथनं मधोमध उभं राहिलं की पुरे. गार होताना ते आणखी आळतं, हे ध्यानात ठेवा. घाईत बेसन किंवा डाळ्याचं पीठ मिसळू नका. पोळी लाटता येईल, पण कच्चट लागेल. पुढच्या वेळी डाळ शिजल्यावर चाळणीत अर्धा तास निथळू द्या. तो कट म्हणजे आमटीचा जीव. आमच्या खान्देशात त्याची रस्सी करतात, कांदा-खोबरं काळं होईपर्यंत भाजून. ती पोळीइतकीच वाट पाहण्यासारखी असते.

प्रश्न : आजी, माझी आई अमळनेरची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामाकडे खापरावरच्या पुरणपोळ्या व्हायच्या. आता आम्ही पिंपरीत फ्लॅटमध्ये राहतो. गॅसवर त्या होतील का?

उत्तर : अगं, होतील, पण लहान होतील. आधी पीठ समजून घे. खापराच्या पोळीला आपलं रोजचं चपातीचं पीठ चालत नाही. त्यातल्या कोंड्याने कणीक तुटते. गहू पाण्याचा हात लावून ओलवायचा, थोडा वेळ झाकायचा, मग दळायचा आणि अगदी बारीक चाळणीने दोनदा चाळायचा. ओलावल्यामुळे कोंड्याचे पापुद्रे मोठे निघतात आणि वर राहतात. खाली पडतं ते पीठ पांढरं आणि चिवट असतं. ते मिठाच्या पाण्यात सैल भिजवायचं आणि मग पाण्याचा हात लावून लावून आपटायचं, ओढायचं, तिंबायचं. सासूबाई परातीसमोर बसल्या की अर्धा तास उठायच्या नाहीत. कणीक हातातून लोंबली पाहिजे, तुटता कामा नये. मग तिला दोन तास विश्रांती.

दोन लाट्यांमध्ये किंवा एका मोठ्या पारीत कणकेपेक्षा जास्त पुरण भरून कडा बंद करायच्या, पिठावर थोडी थापायची आणि मग दोन्ही हातांवर घेऊन झुलवत वाढवायची. लाटणं नाही. पोळी आपल्याच वजनाने पसरते, म्हणून कणीक आणि पुरण एकसारखं मऊ हवं. पुरणात गाठ राहिली की तिथे भोक पडलंच.

खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं चुलीवर पालथं घातलेलं. त्याच्या पोटाखाली सगळीकडे जाळ फिरतो. गॅसवर लोखंडी जाड कढई पालथी घाल, ती दहा मिनिटं तापू दे. मध्यभाग जास्त तापतो म्हणून पोळी फिरवत राहावी लागते. वीतभर पोळी सहज होते. मामाकडची हातभर रुंद होती, ती गॅसवर होणार नाही. आणि लाकडाच्या धुराचा जो मंद वास तिला असायचा, तोही नाही. तरी आमरसाबरोबर खाऊन बघ. मामाकडे अजून खापर असेल तर पुढच्या आखाजीला आईला घेऊन जा आणि मामीशेजारी बसून हातावर पोळी घ्यायला शिक. ती हालचाल मला लिहून नीट सांगता येत नाही. नवं खापर आणलंस तर ते एकदम मोठ्या जाळावर ठेवू नकोस, हळूहळू तापव, नाहीतर तडकतं.

प्रश्न : माझे अनारसे दर दिवाळीला तुपात हसतात. पूर्ण विरघळून तुपात रवा तरंगतो. एकदा तर उलट झालं, पुऱ्यांसारखे कडक झाले, जाळी नाहीच. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात म्हणून धास्ती वाटते. (इचलकरंजी)

उत्तर : धास्ती सोडा. अनारशाइतका सरळ पदार्थ दुसरा नाही, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. तांदूळ तीन दिवस भिजवायचा आणि पाणी रोज बदलायचं. त्या तीन दिवसांत तो किंचित आंबतो आणि दाणा पार ठिसूळ होतो. अनारशाची जाळी तिथेच तयार होते. दीड दिवसात उरकलेल्या तांदळाचे अनारसे नुसते गोड वडे होतात.

चौथ्या दिवशी निथळून पंचावर सावलीत पसरा. इथेच सगळं ठरतं. तांदूळ हाताला गार लागला पाहिजे, पण तळव्याला चिकटता कामा नये. फार वाळला तर पीठ गूळ धरत नाही आणि अनारसे कडक होतात. ओला राहिला तर गुळाशी मिळून पातळ होतो आणि तुपात हसतो. लगेच बारीक करा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. आता मूठ-दोन मुठी पीठ बाजूला काढून पूर्ण वाळवून डब्यात ठेवा. ही तुमची शिल्लक. बाकीचं वजन करा आणि एक किलो पिठाला पाऊण किलो बारीक किसलेला गूळ घ्या. गूळ फार कोरडा असेल तर थोडा वाढवा. वाटीने मापू नका, कारण दाबून भरलेली वाटी आणि सैल भरलेली वाटी यांत खूप फरक पडतो. चमचाभर तूप घालून मळा, डब्यात घट्ट दाबून भरा. थंडीत सहा-सात दिवस, उन्हाळ्यात तीन-चार.

तळताना आधी एकच. हसला तर बाजूला ठेवलेल्या पिठातलं दोन चमचे मिसळा आणि पुन्हा एक तळा. कडक झाला तर पिकलेल्या केळ्याची लहानशी फोड कुस्करून मळा, किंवा चमचाभर दूध. तूप मध्यम तापलेलं असावं. अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून सोडा, उलटू नका, झाऱ्याने वर तूप उडवत राहा. काढल्यावर चाळणीत उभे करून निथळा, आडवे ठेवलेत तर तूप आतच राहतं.

अधिक महिन्याचं वाण तेहतीसाचं, कारण चांद्र वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान पडतं आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरावा लागतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणजे ऐन पावसात, तेव्हा तांदूळ वाळवायला पंख्याशिवाय उपाय नव्हता. २०२६ चा अधिक महिना ज्येष्ठाचा आहे, १७ मे ते १५ जून. मे महिन्याच्या उन्हाळ्यात अनारशाचं पीठ फार लवकर आंबतं, तेव्हा ते तीन दिवसांनी तळा किंवा फ्रिजमध्ये ठेवा. आंबट वास आला तर तळू नका.

प्रश्न : सासूबाईंना मधुमेह आहे. त्या म्हणतात, साखर वर्ज्य, गुळाचं पक्वान्न चालतं. त्यामुळे सणावारी त्यांचं गूळ खाणं फार होतं. काय सांगावं? (कोल्हापूर)

उत्तर : त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा की चालत नाही. गूळ उसाच्या रसाचाच, आणि त्यातला फार मोठा भाग साखरच. रक्तातली साखर गुळानेही वाढते. त्यात थोडं लोह आणि खनिजं असतात हे खरं, पण एका मोदकात ती इतकी थोडी की त्यासाठी गूळ खावा असं नाही. तुमच्या कोल्हापूरच्या गुळाची कीर्ती मोठी आहे, मीही तोच वापरते, पण तो औषध नाही. शिवाय मोदकाची पारी तांदळाची, पोळी गव्हाची, त्यांचाही हिशेब धरायला हवा. ‘शुगर-फ्री’ लिहिलेल्या मिठायांतही मैदा, खवा आणि तूप असतंच.

सणाच्या दिवशी त्यांना पंगतीतून उठवू नका. ते जिवाला फार लागतं. सारण करताना तीन वाट्या नारळाला एक वाटी गूळ घ्या, चव चांगलीच येते. एक मोदक, तोही जेवणाबरोबर, आणि त्या जेवणात भात कमी. इन्शुलिन किंवा गोळ्यांचं प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सणासाठी वरखाली करू नका.

प्रश्न : करंज्या दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. (परभणी)

उत्तर : तीन कारणं बघा. सारणातलं खोबरं कोरडं भाजलेलं नव्हतं, करंज्या मोठ्या आचेवर तळल्या, किंवा कोमट असताना डब्यात भरल्या. आवरण दुधात भिजवलेल्या रव्याचं असेल तर ते खूप कुटून घ्या आणि लाटताना ओल्या फडक्याखाली ठेवा. तळताना पांढऱ्याच राहिल्या पाहिजेत. रात्रभर कागदावर उघड्या राहू द्या, डबा सकाळी.

प्रश्न : मुलीची लग्नानंतरची पहिली संक्रांत आहे. हलव्याचे दागिने बाजारात मिळतात, पण हलवा घरी करावा असं मनात आहे. काटा येत नाही म्हणतात. जमेल का? (पुणे)

उत्तर : पुण्यातली जानेवारीची थंडी हलव्यासाठी चांगलीच असते, तेव्हा जमेल. पण संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात बसलात तर नाही. मार्गशीर्षात सुरुवात करा.

साखर घ्या, तिच्या निम्मं पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घाला म्हणजे मळी वर येते, ती काढून टाका. पाक एकतारी. दोन बोटांत धरून हळूच उघडली की एक तार निघावी, दोन नकोत. पक्का पाक घेतलात तर साखर दाण्यावर बसण्याआधीच परातीत तिची पिठी होते. पाक कोमट ठेवायचा, शेजारी गरम पाण्याच्या भांड्यात.

दाण्याला पांढरे पॉलिशचे तीळ, खसखस, भाजलेला साबुदाणा किंवा काकडीच्या बिया, काहीही. मंगळसूत्राला खसखशीचा बारीक हलवा लागतो, हाराला साबुदाण्याचा. जाड बुडाची पितळी परात किंवा कढई निखाऱ्यांवर ठेवायची. गॅस असेल तर सर्वांत मंद आच आणि मधे तवा. दाणे कोमट झाले की पाकाचा एक लहान चमचा टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी हलवायचं. दाबायचं नाही, घोळवायचं. पाक पूर्ण सुकून दाणे कोरडे वाजायला लागले की दुसरा चमचा. बस, इतकंच. तासभर करा, गार करून डब्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

पहिले काही दिवस काटा दिसत नाही, नुसता पांढरा थर चढतो, आणि इथेच बायका कंटाळतात. थर जाड झाला की दाण्यावरच्या उंचवट्यांना पाक जास्त लागतो आणि ते वाढत जातात. तोच काटा. म्हणून हात हळू हवा. जोरात हलवलंत की उंचवटे घासले जातात आणि हलवा गुळगुळीत राहतो. एकदम जास्त पाक ओतलात तर दाणे एकमेकांना चिकटतात. आभाळ आलेल्या दिवशी करू नका, हवेतली ओल साखरेला काटा धरू देत नाही. समुद्राकाठच्या घरांत म्हणूनच तो अवघड जातो. आमच्या गुहागरला आई पहाटे उठून, दारं लावून बसायची. बोटं भाजतात, त्यांना मऊ सुती चिंधी गुंडाळा. रंग टाकू नका, काळ्या चंद्रकळेवर पांढराच शोभतो.

दागिने ओवताना सुई हलव्यातून जात नाही, तो फुटतो. दाण्याला दोऱ्याचा फास घालून एकापुढे एक बांधत जायचं. बाजूबंद आणि मुकुटाला पुठ्ठ्यावर पांढरं कापड लावून त्यावर टाके घालायचे. तन्मणी, बांगड्या, कमरपट्टा हे आधी, मंगळसूत्र शेवटी, कारण त्याचे दाणे सर्वांत बारीक. जावयांसाठी हार आणि हलवा लावलेला नारळ. मुलीला वेळ असेल तर तिलाही दोऱ्याच्या कामाला बसवा. तयार दागिने हवाबंद डब्यात, तळाला तांदूळ पसरून त्यावर कागद घालून ठेवा. ते रथसप्तमीपर्यंत पांढरे राहतात. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर उरलेला हलवा त्याच्या बोरन्हाणासाठी, बोरं, चुरमुरे आणि उसाच्या करव्यांबरोबर.